निजलेल्या गल्लीत चक्की चालू ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अनुविभागीय अधिकारी (राजस्व),
सौंसर, जिल्हा पांढुर्णा (म. प्र.)

अर्जदार : गजेंद्र महादेव डिगरसे, धंदा पिठाची चक्की, राहणार मौजा उंबरडोह, तहसील सौंसर

विषय : उंबरडोह येथील मधल्या गल्लीतील चक्की चालू करण्याची परवानगी मिळणे, तसेच त्याच गल्लीत आजच्या आज सरकारी गाडी व डॉक्टर पाठविणेबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायत उंबरडोह यांनी अर्जदारास 'शांतता भंग' केल्याबद्दल दिलेली नोटीस (प्रत सोबत).

महोदय,

१. मूळ तक्रारीआधी दोन खुलासे करणे अर्जदारास भाग आहे. आपल्या कार्यालयात अर्ज हिंदीतून देण्याचा रिवाज आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि हिंदी त्याला येतेही. परंतु या अर्जात जे आहे ते सगळे मराठीत घडले, आणि हिंदीत उतरवताना त्यातले काही सांडेल अशी त्याला भीती वाटते. बाहेरच्या टेबलावरचे बाबू याच भागातले आहेत, ते वाचून दाखवतील. दुसरे असे, की अर्जात 'मी मी' करू नये, 'अर्जदार' म्हणावे, ही अर्जदाराच्या वडिलांची शिकवण. वडिलांनी जन्मभर वीज खात्याला अर्ज लिहिले. चक्कीवाल्याच्या घरात ही विद्या आपोआप येते.

२. अर्जदाराची चक्की वडिलांच्या हातची आहे. पट्टा सैल झाला की ती कुईकुई करते, दगडाला टाकी लावली की चार दिवस गोड चालते, आणि उन्हाळ्यात मोटार तापली की तिच्यावर ओले पोते टाकावे लागते. तिचा आवाज मोठा आहे, हे अर्जदार नाकारत नाही. पण त्या गल्लीतली लेकरे त्याच आवाजात निजतात, आणि वीज गेली की उठून भोकाड पसरतात. अशा चक्कीमुळे गावाची शांतता भंगली असे पंचायतीने लिहून दिले, तेव्हा अर्जदाराला आधी हसू आले. हसू का गेले, ते पुढे येईल.

३. जामसांवलीच्या देवळातली मारुतीची मूर्ती निजलेली आहे, हे आपणास सांगायला नको. इकडे बदली झालेला प्रत्येक साहेब पहिल्या शनिवारी दर्शनाला जातो, आपणही गेलेच असाल. अर्जदाराची त्या देवावर पूर्ण श्रद्धा आहे. परंतु उंबरडोहच्या शहाण्या माणसांनी या निजलेल्या देवाचा संबंध पोटातल्या लेकराशी लावून ठेवला आहे. देवस्थानातून तसे कोणी कधी सांगितलेले नाही. अर्जदार मुद्दाम जाऊन विचारून आला. असे काही नसते बाबा, बाईला दवाखान्यात न्या, असे तिथून उत्तर मिळाले. ही अक्कल फक्त आमच्या गावची आहे, आणि ती कोणी आणली हे आता कोणालाच आठवत नाही.

४. प्रकार असा. बाईला नववा महिना लागतो. लेकरू पोटात लाथा मारत असते, ते एके दिवशी कमी हालते, मग जवळजवळ हालतच नाही. बाई सासूला सांगते. सासू केसरबाईला बोलावते. ही केसरबाई गावातली जुनी सुईण. अर्धे गाव तिच्या हातून पहिले न्हाऊन निघाले आहे, अर्जदार स्वतः त्यात आहे. ती पोटावर तळहात ठेवते, डोळे मिटते, आणि म्हणते, "मारुती निजला. कोणी उठवू नोका." झाले. त्या क्षणापासून ती गल्ली निजते. चक्की बंद. खलबत्ता बंद. देवळातला भोंगा बंद. कुत्र्यांना हाकलून नाल्यापलीकडे नेतात. बाया चपला हातात घेऊन येतात, दारात बसतात आणि नुसत्या हसऱ्या तोंडाने बाईकडे बघतात. पोटी देव निजला, पुण्यवान लेकरू येणार, म्हणून घरात आनंद होतो, महोदय. यातली सगळ्यात भयंकर गोष्ट तो आनंद आहे.

मग लेकरू आपल्या मनाने उठेल याची वाट बघतात.

५. चक्कीवाल्याला गावाची खबर दळणावरून लागते. गव्हात सोयाबीन मिसळून आले की समजावे, डॉक्टरने घरात कोणाला तरी ताकद सांगितली. गहू आणि हरभऱ्याची डाळ एकदम आली की लग्न नाहीतर बारसे. अर्जदाराच्या ध्यानात फार उशिरा आले, की ज्या घरासाठी चक्की बंद राहिली, त्या घरून बारशाचे दळण आलेलेच नाही. ही गोष्ट त्याला समोरच्या घरच्या अमितामुळे उमगली. अमिता ही शिकलेली सून, गावातल्या पोरांची शिकवणी घेते. तिच्यासाठी गल्ली निजवली होती. लेकरू पूर्ण दिवसांचे आले, डोक्यावर दाट केस, नखे वाढलेली. रडले नाही. निजला तसाच गेला, भाग्याचा होता, असे केसरबाई म्हणाली, आणि सगळ्यांनी हात जोडले. संध्याकाळच्या आत त्याला नाल्याच्या काठी पुरले. नाव ठेवले नाही. आईने रडू नये, रडली तर पुढचा यायचा नाही, असे तिला सांगण्यात आले, म्हणून ती रडलीही नाही. पुढे केव्हातरी ती ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर आली. डबा ठेवला तरी जाईना. पीठ पडत असताना, आवाजात कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती अर्जदाराला म्हणाली, "काका, मले लय भेव वाटून राहिलं होतं. पण सगळे इतके खूश होते, सांगाचीच लाज वाटे."

अर्जदाराने तिला पीठ दिले. दुसरे काय देणार?

६. त्यानंतर अर्जदाराने उपकेंद्राच्या नर्स वृषाली सिस्टर यांना विचारले. त्या चक्कीच्या ओट्यावर बसल्या आणि स्वच्छ सांगितले. पोटातले लेकरू झोपते, पण थोडा वेळ. नवव्या महिन्यात ते आपसूक शांत होते, ही समजूत खोटी आहे. "काका, आतून त्याले रक्त कमी पोचलं की ते हालणं सोडते. ताकद वाचवून राहते बिचारं. आपल्याले वाटते निजलं. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं तर वाचू शकते. उद्यावर टाकाचं नाही." त्यांनी हेच अंगणवाडीत बायांना बोलावून सांगितले. बायांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत केसरबाई होती, तिने सगळ्यात जोरात मान डोलावली, आणि त्याच आठवड्यात शाळेमागची गल्ली निजवली. तिथूनही बारशाचे दळण आले नाही. अर्जदार सरपंचांकडे गेला. सरपंच म्हणाले, "गजेंद्रभाऊ, चक्की बंद राहते म्हणून देवाच्या आड येऊन राहिले का?" 

७. दिवाळीनंतर अर्जदाराची मुलगी प्रणाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पुढे काय झाले असेल ते आपण ओळखले असेल. लेकरू हालेना. अर्जदाराच्या पत्नीने, म्हणजे नलिनीने, केसरबाईला बोलावले, कारण नलिनीही याच गावची, याच हवेत वाढलेली. चक्कीचे बटन शेजारच्यांनी येऊन बंद केले. बाया चपला हातात घेऊन आल्या. घरात हसऱ्या तोंडांची रांग लागली. प्रणाली त्या चक्कीच्या आवाजात लहानाची मोठी झालेली पोरगी. तिला ते सहन होईना. ती भिंतीला धरून उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, चक्की चालू करा. इतकं चुपचाप कोणी मेल्यावर असते. हे हालत कायले नाही?"

अर्जदाराने बटन दाबले. पट्टा कुईकुई करत फिरला, आणि बाया अंगावर पाल पडल्यासारख्या उठल्या. केसरबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. "उठवला! अरे उठवला!" असे ती ओरडली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी भीती होती, हे अर्जदार शपथेवर सांगेल. त्या गोंधळात प्रणालीला संत्री भरायला आलेल्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवले आणि थेट दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावले, ऐकले, आणि त्यांचा चेहरा बदलला. लगेच ऑपरेशन झाले. लेकरू निळे होते, मलूल होते, त्याला फुग्याने श्वास द्यावा लागला. मग ते रडले. फार बारीक रडले, पण अर्जदाराला ते ऐकू आले, आणि तो दवाखान्याच्या जिन्यात खाली बसला. मुलगी झाली. पोटात मारुती म्हणून निजवलेले लेकरू मुलगी निघाली, हाही गावाला एक धक्काच होता.

तिला नवजात बाळांच्या खोलीत ठेवले होते. वजन कमी होते. नंतर उघड्या छातीवर धरून ऊब द्यायला सांगितले, आईला, आणि आई थकली की घरच्या कोणालाही. अर्जदाराच्या कानात आणि नाकात जन्माचे पीठ बसलेले, म्हणून सिस्टरांनी त्याला आधी साबणाने चांगले घासून आंघोळ करायला लावली. मग तो सदरा काढून खुर्चीत बसला, आणि नातीला त्याच्या छातीवर पालथी ठेवली. तिचा श्वास त्याच्या पांढऱ्या केसांत लागत होता. तिचे नाव केतकी. बारशाचे दळण अर्जदाराने स्वतः दळले. गावातून जेवायला कोणी आले नाही.

८. माघात गारपीट झाली. झाडावरची संत्री खाली आली, आणि उंबरडोहने ताबडतोब कारण शोधले. गजेंद्रने मारुतीची झोपमोड केली. गारपीट शेजारच्या गावांतही झाली होती, तिथे कोणी कोणाला उठवले होते, असे अर्जदाराने चावडीवर विचारले. त्याचे उत्तर म्हणून त्याला संदर्भातील नोटीस मिळाली. दुसऱ्या दिवशी चार जण येऊन मीटरपासूनची वायर काढून घेऊन गेले. वीज खात्याचा यात काही संबंध नाही, अर्जदाराचे बिल भरलेले आहे. तेव्हापासून गाव दळण घेऊन लोधीखेड्याला जाते. अर्जदारास त्याचे दुःख नाही. दुःख याचे आहे, की आता गावाने नवी पद्धत काढली आहे. गल्ली निजवली की दोन्ही तोंडांशी पोरे उभी करतात. आत जाणाऱ्याला विचारतात, कायले जाता. बाहेर येणाऱ्यालाही विचारतात. फोन बंद करून एका टोपलीत ठेवायला लावतात. पूर्वी गाव नुसते गप्प बसत होते. आता ते पहारा देते.

९. आता आजची गोष्ट. चक्कीच्या मागल्या भिंतीला लागून उर्वशीचे घर आहे. उर्वशी ही रोहितची बायको, पहिलीच खेप, नववा महिना भरत आलेला. रोहित बुटीबोरीला कारखान्यात आहे. पोरगी मोकळी आहे, भांडी घासताना मोठ्याने गाणी म्हणते, चक्की चालू असायची तेव्हाही तिचे गाणे मधूनमधून भिंतीपलीकडून यायचे. परवा परसात ती नलिनीला म्हणाली, "काकू, आज लेकरू कमी हालून राहिलं. तुमच्या प्रणालीले असंच झालं होतं का?" नलिनीने तिला त्याच पावली दवाखान्यात चल म्हटले. ती सासूला विचारून येते म्हणाली. आत गेली, ती पुन्हा परसात आली नाही. काल दुपारी केसरबाई त्या घरात गेली. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी पोरे येऊन उभी राहिली.

काल नलिनी दह्याची वाटी घेऊन त्या घरी गेली, कारण तेवढ्याला अजून कोणी अडवत नाही. उर्वशी बाजेवर होती, भोवती बाया. सगळ्या हसत होत्या. उर्वशीही हसत होती. वाटी घेताना तिने नलिनीचा हात धरला आणि ओठांच्या आत म्हणाली, "काकाले म्हणा चक्की चालू करा." नलिनी घरी आली आणि पिठाच्या रिकाम्या डब्यावर बसून राहिली. ज्या नलिनीने स्वतःच्या पोरीसाठी केसरबाईला बोलावले, तीच आज अर्जदाराला हा अर्ज लिही म्हणून सकाळपासून टोचत होती.

चक्कीने लेकरू वाचत नाही, महोदय. एवढे अर्जदारालाही कळते. चक्की चालू झाली की एवढेच होते, की कोणाला तरी मोठ्याने बोलता येते. वायर नसल्यामुळे तेही करता आलेले नाही. आज सकाळी अर्जदार चक्कीत बसला होता. भिंतीवर पलीकडून कोणीतरी वाटीने ठोकले. अर्जदाराने इकडून पान्याने ठोकले. पलीकडून पुन्हा ठोकले गेले, जरा जोरात. अर्जदाराने आणखी जोरात ठोकले. मग काहीच आले नाही. तिच्या हातून वाटी घेतली असावी, असा अर्जदाराचा समज आहे. दुसरा काही समज करून घ्यायला त्याचे मन तयार नाही.

१०. अर्जदार हातावर हात धरून बसला असे आपणास वाटू नये. त्याने आपला आणि नलिनीचा फोन पोरांच्या टोपलीत दिला नव्हता, त्यावरून आज सकाळीच १०८ ला फोन केला. गाडी आली, वेळेवर आली, पण गल्लीच्या तोंडाशीच पोरांनी तिला थांबवले. उर्वशीचा सासरा बाहेर आला, हात जोडून म्हणाला, कोणाला काही नाही, कोणीतरी खोटा फोन केला, आमच्या घरी तर आनंद आहे. गाडीतल्या माणसांनी आत डोकावून बघितले. बाया हसताना दिसल्या. गाडी परत गेली. त्या माणसांचा दोष नाही. इतकी हसरी माणसे बघून कोणालाही तेच वाटेल. वृषाली सिस्टर आल्या, त्यांना उद्या या म्हटले. अर्जदाराने रोहितला फोन लावला. तो म्हणाला, "काका, आई म्हणते मारुती निजला आहे. तुम्ही कायले घाबरवून राहिले?" अर्जदाराने त्याला गाडीत बसून निघून ये म्हटले. सुपरवायझरला विचारून बघतो, असे तो म्हणाला. शेवटी वृषाली सिस्टरांनीच सांगितले, "काका, तुम्ही सौंसरले जा. साहेबांच्या हुकुमानं गाडी आली, संगं पोलीस आले, तर थे परत नाही जाणार. मी इकडून बीएमओ साहेबांच्या, तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरच्या, मागं लागतो." म्हणून अर्जदार येथे आहे.

११. सबब प्रार्थना, की
(अ) उंबरडोहच्या मधल्या गल्लीत आजच्या आज गाडी, डॉक्टर व पोलीस पाठवावेत, आणि उर्वशीला कोणी काहीही म्हटले तरी दवाखान्यात न्यावे. तिने स्वतः चक्की चालू करा म्हटले आहे, हीच तिची संमती समजावी.
(आ) अर्जदाराच्या मीटरची वायर जोडून देण्याचा आणि कोणत्याही कारणासाठी चक्की बंद न ठेवण्याचा हुकूम व्हावा.
(इ) तहसीलमधल्या प्रत्येक गावात कोटवाराकडून मुनादी, म्हणजे दवंडी, करवावी, की पोटातले लेकरू चुप झाले तर ते निजलेले नसते, त्याच दिवशी दवाखान्यात जावे. ही मुनादी मोठ्याने व्हावी आणि निजवलेल्या गल्लीत सगळ्यात आधी व्हावी.
(ई) केसरबाईला तुरुंगात टाकू नये. तिला दवाखान्यात नेऊन, बाईच्या पोटावर लावतात त्या यंत्रातून लेकराच्या काळजाचे ठोके ऐकवावेत, आणि ते मंद झाले की कसे ऐकू येतात तेही ऐकवावे. तिच्या हाताला गाव मानते. तिने एकदा खरे काय ते ऐकले, तर तीच गाव उठवील, असा अर्जदाराला अजूनही विश्वास आहे.

अर्जदार येथेच बाहेरच्या बाकावर बसून आहे.

आपल्या गाडीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
गजेंद्र महादेव डिगरसे
सौंसर, दि. ११ मार्च २०२६, बुधवार

सोबत : (१) ग्रामपंचायतीची नोटीस. (२) भरलेले वीज बिल. (३) नात केतकी हिचा फोटो. काम झाल्यावर फोटो परत मिळावा.

पुरवणी (याच अर्जाच्या मागल्या पानावर)

महोदय, आपण बैठकीत आहात, अर्ज लगेच आत नेतो, असे बाबूंनी सांगितले. त्यांनी अर्जदाराला पाणीही दिले. अर्ज त्यांच्या हाती देण्याआधी खालील मजकूर जोडणे आवश्यक झाले आहे.

अर्जदार बाकावर बसला असता त्याला सरपंचांचा फोन आला. आजवर त्यांनी अर्जदाराला स्वतःहून कधी फोन केलेला नाही. ते म्हणाले, "गजेंद्रभाऊ, पोरं वायर जोडून देऊन राहिले. आता चक्की चालू करा. काही हरकत नाही."

सरपंच गल्लीतूनच मोठ्याने बोलत होते. काल दुपारपासून त्या गल्लीत कोणी मोठ्याने बोललेले नाही. त्यांच्या मागे भांडी वाजत होती. कोणीतरी मोटारसायकल चालू केली. एक कुत्रे भुंकत होते. अर्जदार फोन कानाला दाबून ऐकत राहिला. लेकराचे रडणे त्यात नव्हते. फोनवर बारीक आवाज कधी कधी येत नाही, हे अर्जदार मान्य करतो. केतकीसुद्धा फार बारीक रडली होती.

सबब विषयातील पहिली मागणी पंचायतीने आपल्या आधीच मंजूर केली आहे. अर्जदार त्या परवानगीचा उपयोग करणार नाही.

दुसरी मागणी कायम आहे. गाडी पाठवावी. लेकरू आले असेल आणि रडले नसेल, तर त्याला फुग्याने श्वास देणारे माणूस त्या घरात कोणी नाही. उर्वशीला रक्त जात असेल, तर ते कोणी बोलणार नाही. सगळ्या बाया हात जोडून बसल्या असतील. गल्लीच्या तोंडाशी कोणी सांगेल, की आता काम राहिले नाही. तरी गाडी परत फिरवू नये. त्यांनी लेकराला नाल्याकडे नेले असेल, तर नाल्याकडेही जावे.

अर्जदार नलिनीला फोन लावत आहे. ती उचलत नाही.

काय झाले, हे अर्जदाराने सरपंचांना विचारले नाही. त्याची हिंमत झाली नाही. ते आपण यावे आणि विचारावे, भर गल्लीत, सगळ्या गावासमोर, मोठ्याने विचारावे.

ग. म. डिगरसे